घरात माणसं किती? छोट्या शहरात वयानुसार बदलणारं कुटुंब

‘तुमच्या घरी कोण कोण असतं?’ हा प्रश्न सावंतवाडीत, मालवणात किंवा चिपळूणमध्ये विचारून बघा. एका आकड्यात उत्तर क्वचितच मिळेल. ‘तसे आम्ही अकरा जण, पण इथे दोघंच.’ ‘मुलगा मुंबईला, सून आणि नातू आमच्याकडे.’ ‘आई आमचीच, पण सध्या धाकट्याकडे आहे.’ अशी उत्तरं येतात आणि ती सगळी खरी असतात.

एकत्र कुटुंबं मोडली आणि विभक्त कुटुंबं वाढली, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्यापुढे काही विचारायचं असतं हेच विसरायला होतं. पण कुटुंब एकत्र की विभक्त, हे बरंचसं त्यातल्या माणसाचं वय काय यावर ठरतं. एकच माणूस विशीत भाड्याच्या खोलीत, तिशीत आईवडिलांजवळ, पन्नाशीत फक्त बायकोसोबत आणि ऐंशीत एकटा राहू शकतो. नातीगोती तीच असतात. बदलते ती राहण्याची व्यवस्था.

ही व्यवस्था कशी बदलते आणि त्यात नेमकं कोण मागे राहतं, हे कोकणातल्या छोट्या शहरांच्या उदाहरणावरून समजून घेऊया.

‘कुटुंब’ कशाला म्हणायचं?

आपण ज्याला कुटुंब म्हणतो आणि सरकार ज्याला कुटुंब म्हणतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जनगणनेत कुटुंब ठरतं ते स्वयंपाकघरावरून. जी माणसं एरवी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात शिजलेलं जेवतात, ती एक कुटुंब. त्यांच्यात रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. एका खोलीत राहून एकत्र जेवण करणारे तीन बँक कर्मचारी हेसुद्धा जनगणनेच्या हिशेबात एक कुटुंब असतात. उलट एकाच घरात, एकाच पडवीत वावरणाऱ्या दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील तर ती दोन कुटुंबं होतात.

दुसरा नियम राहण्याच्या जागेचा. मोजणीच्या संपूर्ण काळात जो माणूस गावच्या घरी नसतो, तो त्या घरात मोजला जात नाही. मुंबईत नोकरी करणारा मुलगा महिन्याला पैसे पाठवत असेल, रोज रात्री फोन करत असेल, घराचे सगळे निर्णय घेत असेल, तरी तो मुंबईत मोजला जातो. घरचा कर्ता बाहेरगावी असेल तर मागे जो घर सांभाळतो, त्याचं किंवा तिचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून लागतं.

रेशनकार्डाचं कुटुंब आणखी वेगळं. त्यावर कधी मुंबईला गेलेल्या मुलाचं नाव तसंच असतं, तर कधी एकाच घरात तीन कार्डं असतात. आणि घराच्या मालकीचे कागद बघितले, तर त्यावर काका, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी अशी पंधरा नावं निघू शकतात.

मोजणीचा पुढचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरला आहे आणि यावेळी लोकांना स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरण्याची सोय ठेवली आहे. त्यामुळे ‘घरात किती माणसं’ याचं उत्तर देताना मोजायचं काय, हे आपल्यालाही माहीत असलेलं बरं.

कोकणचंच उदाहरण का?

कारण इथे माणसं बाहेर जाण्याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर १००० पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात हा आकडा ११२२ होता आणि सिंधुदुर्गात १०३६. त्याच वेळी मुंबई शहर जिल्ह्यात तो होता ८३२. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मुली जास्त जन्माला येतात, असा याचा अर्थ नाही. सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये या दोन्ही जिल्ह्यांतही मुलांपेक्षा मुली कमीच आहेत. फरक पडतो तो मोठेपणी. कमावत्या वयाचे पुरुष इथून निघून मुंबईच्या, ठाण्याच्या, पुण्याच्या आकड्यात जमा होतात.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीची मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत माणसं कमी झाली.

ही जुनीच वाट आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातला कामगार मोठ्या संख्येने होता. तो दहा बाय बाराच्या खोलीत चारचौघांसोबत राहायचा, जेवण खाणावळीत व्हायचं, बायको-मुलं गावी असायची आणि महिन्याला मनीऑर्डर जायची. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचं युग ओसरलं, पण मुंबईला जाणं थांबलं नाही. ‘चाकरमानी’ हा शब्द कोकणात आजही रोजच्या बोलण्यात आहे.

हे आकडे पूर्ण जिल्ह्यांचे आहेत. शहरात चित्र जरा वेगळं असतं, कारण छोटं शहर एकाच वेळी माणसं बाहेर पाठवतं आणि आत घेतं. सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, चिपळूण इथून तरुण मुंबईला जातात. पण आसपासच्या गावांतून शिक्षण, दवाखाना, बँक आणि सरकारी कचेऱ्यांसाठी माणसं याच शहरांत येतात. आता वयाच्या टप्प्यांनुसार कोण कुठे राहतं ते बघू.

१८ ते २५: घर सोडण्याचं वय

या वयात मुलगे आणि मुली दोघंही घराबाहेर पडतात, पण कारणं वेगळी असतात. जनगणनेच्या स्थलांतराच्या तक्त्यांत पुरुषांच्या बाबतीत काम हे मोठं कारण दिसतं, तर स्त्रियांच्या बाबतीत लग्न हे सगळ्यात मोठं. अलीकडे शिक्षण आणि नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या मुली वाढल्या आहेत, तरी ‘गाव सोडलं’ याचा अर्थ अजूनही मुलासाठी एक आणि मुलीसाठी दुसरा असतो. मुलगा गेला तरी त्याचं नाव घरच्यांच्या तोंडी घरातलंच राहतं. मुलगी लग्न होऊन गेली की ती ‘दिल्या घरची’ होते.

मुलगा घर सोडतो की नाही, हे पुष्कळदा अंतरावर ठरतं. सावंतवाडी-दोडामार्गच्या तरुणाला गोव्यात काम मिळालं तर तो सकाळी जाऊन रात्री घरी येऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून उड्डाणं सुरू झाल्यावर कामाची आणखी एक जागा जवळ आली. चिपळूण आणि खेडच्या मुलांना लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत जवळ पडते. या मुलांच्या घरांत आईवडील आणि कमावता मुलगा एका चुलीवर जेवतात. हीच नोकरी अंधेरीत मिळाली असती तर तेच घर ‘दोघंच म्हातारा-म्हातारी’ झालं असतं. ज्याला आपण संस्कार किंवा आधुनिकता म्हणतो, त्यात बसच्या वेळापत्रकाचाही मोठा वाटा असतो.

२५ ते ४०: वरून एकत्र, आतून वेगळं

या वयात तीन तऱ्हेची घरं दिसतात.

पहिलं घर, ज्यात नवरा मुंबईत आणि बायको-मुलं सासूसासऱ्यांसोबत. कागदावर हे तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब आहे. प्रत्यक्षात मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधं, बाग, बँक आणि पाहुणे हे सगळं तिशीतली एक बाई सांभाळत असते. सासूसासरे नसतील तर कुटुंबप्रमुख म्हणून तिचंच नाव लागतं. त्यामुळे ‘स्त्री कुटुंबप्रमुख असलेली घरं’ हा आकडा वाचताना सावध राहायला हवं. त्यात दरमहा पैसे येणारी चाकरमान्याची बायको असते आणि कसलाही आधार नसलेली विधवाही असते. दोघींच्या गरजा एक नाहीत.

दुसरं घर, ज्यात पस्तिशीचा अविवाहित मुलगा आईवडिलांकडे राहतो. गावाकडे राहून शेती, बागायत किंवा छोटा धंदा करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत, ही तक्रार कोकणात घरोघरी ऐकू येते. मुंबई-पुण्यात स्वतःची जागा आहे का, हा प्रश्न स्थळ बघताना पहिल्या पाचांत असतो. अशी घरं मोजणीत एकत्रच दिसतात. तिथे पुढची पिढी आहे, पण तिच्यापुढची येईल की नाही हे कुणाला माहीत नसतं.

तिसरं घर बदलीवर आलेल्यांचं. शिक्षक, तलाठी, परिचारिका, बँकेतले कर्मचारी. यांची घरं सांगली-लातूरला, मुलं तिथल्या शाळेत आणि हे इथे भाड्याच्या खोलीत. मोजणीत ही ‘एका माणसाची कुटुंबं’ असतात. शनिवारी संध्याकाळी एसटी स्टँडवर गेलात की कळतं, ही माणसं एकटी नाहीत, फक्त आठवड्यातले पाच-सहा दिवस एकटी राहतात.

४० ते ६०: चूल वेगळी होण्याचं वय

भाऊ वेगळे होतात ते साधारण या वयात. आईवडील असेपर्यंत चूल एक असते. ते गेले, मुलं मोठी झाली, खर्चाचे हिशेब जुळेनासे झाले की चुली वेगळ्या होतात. काही वेळा भांडण होतं, बऱ्याचदा होत नाही. माजघरात भिंत उठते, मागच्या पडवीत दुसरं स्वयंपाकघर होतं, वीजमीटर वेगळं येतं.

समाजशास्त्रज्ञ ए. एम. शाह यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात गुजरातमधल्या एका गावातल्या कुटुंबांचा अभ्यास मांडताना याच गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं. घर वाढतं, फुटतं आणि फुटलेला प्रत्येक तुकडा पुन्हा वाढतो. आज विभक्त दिसणारं कुटुंब मुलाच्या लग्नानंतर पुन्हा एकत्र होऊ शकतं. एका दिवशी केलेली मोजणी या चक्रातलं एक चित्र असते. त्यावरून पूर्ण गोष्ट कळत नाही.

याच वयाच्या शेवटी उलटा प्रवासही सुरू होतो. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांची निवृत्ती ५८ व्या वर्षी होते. मुंबईची खोली मुलाला देऊन काही चाकरमानी गावी परततात. घर दुरुस्त करतात, नाहीतर तालुक्याच्या शहरात दवाखान्याजवळ फ्लॅट घेतात.

६० ते ७५: दोघंच

या वयात नवरा-बायको दोघंच असलेली घरं खूप. बाहेरून बघणाऱ्याला यात फक्त एकाकीपणा दिसतो, पण ते अर्धंच खरं आहे. हातपाय चालत असतात, पेन्शन किंवा मुलांचे पैसे येत असतात, घर स्वतःचं असतं. मुलाच्या वन रूम किचनमध्ये हॉलच्या कोपऱ्यात झोपण्यापेक्षा स्वतःच्या खळ्यात संध्याकाळी बसणं अनेकांना जास्त आवडतं. वेगळं राहणं इथे पुष्कळदा त्यांनीच निवडलेलं असतं.

अडचण अशी, की ही व्यवस्था दोघांच्या जिवावर चालते आणि त्यातलं एक आधी जातं.

७५ नंतर: जिथे आकडे बोलायला लागतात

मागे राहते ती बहुतेक वेळा बाई. याची कारणं साधी आहेत. लग्नात नवरा वयाने मोठा असतो, स्त्रियांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त असतं आणि जोडीदार गेल्यावर पुरुष पुन्हा लग्न करतात तितक्या प्रमाणात स्त्रिया करत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात विधवांची संख्या चार कोटींहून जास्त होती. विधुरांची त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

मग तिच्यापुढे काय पर्याय असतात?

एक, मुलाकडे शहरात जाणं. तिथे औषधपाणी जवळ असतं, पण शेजार नवा, जिना चढायचा आणि दिवसभर घर बंद.

दोन, पाळीपाळीने राहणं. चार महिने थोरल्याकडे, चार महिने मधल्याकडे, चार महिने धाकट्याकडे. मोजणीच्या दिवसांत ती ज्याच्याकडे असेल, त्याच्या घरात मोजली जाते. काही घरांत आईवडीलच वाटून घेतले जातात, वडील एकाकडे आणि आई दुसऱ्याकडे. तेव्हा कागदावर दोन्ही घरं ‘वृद्ध सांभाळणारी’ ठरतात आणि ती दोघं मात्र पन्नास वर्षांच्या संसारानंतर वेगळी होतात.

तीन, मुलीकडे. ‘मुलीच्या घरी कसं राहायचं’ हा संकोच कमी होतोय, पण गेलेला नाही. बऱ्याचदा मुलगी त्याच शहरात असते, रोज डबा आणून देते, डॉक्टरकडे नेते आणि रात्री आपल्या घरी जाते. मोजणीत तिचा या घराशी काहीच संबंध दिसत नाही.

चार, एकटीने तिथेच राहणं. पगारी बाई ठेवून, शेजाऱ्यांच्या भरवशावर.

मग एकत्र कुटुंब मोडलं का?

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या होत्या. त्यांचा आशय असा: एका छताखाली राहणं, एका चुलीवरचं जेवणं, मालमत्ता सामाईक असणं, कुळाचार एकत्र असणं आणि आपसात नातं असणं. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा या छोट्या शहरातल्या ४२३ घरांची पाहणी केली. तिच्यावरचं त्यांचं पुस्तक १९६४ साली आलं. वेगळी राहणारी बहुतेक घरं मालमत्तेने, देण्याघेण्याने आणि कर्तव्यांनी एकमेकांशी जोडलेली होती, असं त्यांना दिसलं. पूर्णपणे सुटी झालेली घरं अगदी थोडी होती.

हीच फूटपट्टी कोकणाला लावून बघा. छत वेगळं झालं, चूल वेगळी झाली. मालमत्ता मात्र सामाईक आहे, इतकी की घराची कौलं बदलायची तरी अनेकांना विचारावं लागतं. २००५ च्या कायदादुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच जन्मजात हक्क मिळाला, त्यामुळे विचारायची नावं वाढली, आणि ते न्यायाचंच झालं. कुळाचार तर भक्कम आहे. भाद्रपदात गणपती आले की मुंबईहून जादा गाड्या सुटतात, वर्षभर कुलूप लागलेली घरं उघडतात आणि एकट्या आजीच्या घरात वीस पानं वाढली जातात.

म्हणजे कुटुंब मोडलेलं नाही, पण त्याचे काही धागे सुटलेत आणि काही टिकलेत. टिकले ते सणाचे आणि मालकीचे. सुटले ते रोजच्या जेवणाचे आणि रात्री-अपरात्री हाक मारण्याचे. पंचविशीतल्या मुलाला याने फारसा फरक पडत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या बाईला पडतो. तिच्या घराचे हिस्सेदार पंधरा असतात, पण त्या रात्री तिच्या हाकेच्या अंतरावर एकही नसतो.

कायदा काय सांगतो?

२००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्यानुसार स्वतःचा खर्च भागवू न शकणारे आईवडील मुलगा, मुलगी किंवा सज्ञान नातवंडांकडून चरितार्थ मागू शकतात. मूल नसलेले ज्येष्ठ नागरिक, ज्यांना आपली मालमत्ता मिळणार आहे अशा नातेवाइकांकडून मागू शकतात. अर्ज प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे करायचा असतो. मूळ कायद्यात ही रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन बक्षीसपत्राने दिली आणि नंतर सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्दही होऊ शकतं. ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घेणं केव्हाही चांगलं.

पण कायदा पैसे मिळवून देऊ शकतो. रात्री जवळ माणूस असणं तो देऊ शकत नाही, आणि मुंबईतला मुलगा दरमहा नेमाने पैसे पाठवत असेल तर कायद्याच्या दृष्टीने तक्रारीला जागाही नसते.

पुढचे आकडे आले की काय बघायचं?

जनगणनेचे नवे तक्ते येतील तेव्हा ‘सरासरी कुटुंबात किती माणसं’ हा आकडा बातम्यांत सगळ्यात आधी येईल. छोट्या शहरासाठी तो फारसा कामाचा नाही. त्याऐवजी तीन गोष्टी बघाव्यात. एका माणसाच्या कुटुंबांत साठीच्या पुढचे किती आणि बदलीवर आलेले तरुण किती? स्त्री कुटुंबप्रमुखांमध्ये विधवा किती आणि विवाहित किती? आणि फक्त दोन माणसं असलेल्या घरांत दोघंही साठीच्या पुढचे असलेली किती? हा शेवटचा आकडा महत्त्वाचा, कारण पुढच्या दहा वर्षांत एकट्या राहणाऱ्या बायका याच घरांतून येणार आहेत. फिरता दवाखाना, घरपोच औषधं, परिचारिकेची फेरी, दिवसभराचं विरंगुळा केंद्र यांचा विचार नगरपालिकेला आत्ता करायचा असेल तर सुरुवात इथून होईल.

हे काम घरातही करता येतं. एका कागदावर कुटुंबातल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं लिहा, समोर वय, आणि त्यापुढे रात्री अकरा वाजता फोन केला तर दहा मिनिटांत पोहोचेल अशा माणसाचं नाव. ज्या नावापुढची जागा रिकामी राहील, त्याबद्दल यंदाच्या गणपतीत, सगळे एकत्र असताना, बोलून घ्या. किल्ली कुणाकडे ठेवायची, शेजारच्या कुणाला सांगून ठेवायचं, महिन्यातून कोण फेरी मारणार आणि पगारी बाईचा खर्च हिस्सेदारांनी कसा वाटून घ्यायचा, एवढं जरी ठरलं तरी आरतीनंतरचा तो अर्धा तास सत्कारणी लागला म्हणायचा.